टीएमजेच्या क्लेमसाठी सीडीसीचं मोफत कोड-टूल: कोड बरोबर सापडतो, पैसे सुटतीलच असं नाही

अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांचं बिलिंग पुण्यात किंवा ऐरोलीत बसून करणाऱ्यांना जबड्याच्या सांध्याचे, म्हणजे टीएमजेचे क्लेम नकोसे वाटतात. तपासणारा दंतवैद्य, क्लेम मात्र मेडिकल विम्याला, आणि त्यासाठी कोडांची पुस्तकं तीन. निदानाला आयसीडी-१०-सीएम, मेडिकल प्रक्रियेला सीपीटी, दातांच्या प्रक्रियेला सीडीटी. सीपीटीचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे, सीडीटीचे अमेरिकन डेंटल असोसिएशनकडे, त्यामुळे दोन्हींना पैसे मोजावे लागतात. आयसीडी-१०-सीएम तेवढं सरकारी आणि फुकट. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संस्थेच्या एनसीएचएस या विभागाने त्यासाठी वेबवर शोध-टूल ठेवलं आहे. लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. हा आढावा त्या टूलचा, आणि तोही फक्त टीएमजेच्या कामापुरता. (कोड इथे देवनागरीत आहेत. फॉर्मवर अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे.)

आधी एक खड्डा, ज्यात भारतात बसलेले कोडर जास्त पडतात. गुगलवर टीएमजेचा आयसीडी-१० कोड शोधला की जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्तीही समोर येते. तिथे टीएमजेचे विकार दातांच्या गटात, के०७.६ खाली आहेत. अमेरिकेच्या आवृत्तीत तेच विकार स्नायू-हाडांच्या प्रकरणात, एम२६.६ खाली नेले आहेत. के०७.६ टाकलेला क्लेम अमेरिकेत दारातूनच परत येतो. सीडीसीच्या टूलचा पहिला फायदा हाच: त्यात दुसऱ्या देशाचा कोड सापडूच शकत नाही.

दुसरा फायदा वर्षाचा. टूल उघडल्यावर कोणत्या आर्थिक वर्षाची (अमेरिकेचं, ऑक्टोबर ते सप्टेंबर) आवृत्ती हवी ते निवडता येतं, आणि टीएमजेसाठी ही निवड जीव की प्राण आहे. आयसीडी-१०-सीएम अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालं तेव्हा एम२६.६२ म्हणजे टीएमजेची सांधेदुखी, संपला विषय. १ ऑक्टोबर २०१६ पासून त्याला सहावं अक्षर आलं: १ म्हणजे उजवी बाजू, २ डावी, ३ दोन्ही, ९ बाजू नमूद नाही. एम२६.६०, ६१, ६२ आणि ६३ हे चारही असेच फुटले. मग १ ऑक्टोबर २०२० पासून एम२६.६४ हा संधिदाहाचा, म्हणजे आर्थ्रायटिसचा, आणि एम२६.६५ हा आर्थ्रोपथीचा, म्हणजे सांध्याच्या आजाराचा, गट नव्याने आला, त्यांनाही तीच चार अक्षरं. स्नायूदुखीच्या एम७९.१ चं विभाजन १ ऑक्टोबर २०१८ चं, आणि त्यातला एम७९.११ खास चावण्याच्या स्नायूंसाठी आहे. नियम सेवेच्या तारखेचा चालतो, क्लेम पाठवायच्या तारखेचा नव्हे. सप्टेंबरमधली भेट ऑक्टोबरमध्ये बिल होत असेल तर मागच्या वर्षाची आवृत्ती उघडा. हे चुकलं की विमा कंपनीचा सीओ-१४६ हा नकार-कोड येतो: सेवेच्या तारखेला निदान अवैध. हल्ली काही वर्षी १ एप्रिललाही छोटी भर पडते, तिच्यावरही लक्ष हवं.

शोधाची पद्धत मात्र लोक उलटी वापरतात. शब्द टाकला, पहिला कोड दिसला, उचलला. अधिकृत मार्गदर्शिका सांगते की आधी वर्णानुक्रमे इंडेक्स, मग टॅब्युलर, म्हणजे कोडांच्या क्रमाने लावलेल्या, यादीत खात्री, आणि टीएमजेत ही खात्री का लागते ते टॅब्युलरच्या टिपा वाचल्यावरच कळतं. इंडेक्समध्ये कोडच्या शेवटी आडवी रेघ असेल तर पुढे अजून अक्षर लागणार. टॅब्युलरमध्ये वर चढून एम२६ या मुख्य शीर्षकापर्यंत जा. एक्सक्लूड्स-१ ही वगळण्याची टीप तिथे बसलेली असते, खाली कोडजवळ नाही. एका बाजूच्या कॉन्डाइलची, म्हणजे जबड्याच्या हाडाच्या सांध्यातल्या टोकाची, जास्त किंवा कमी वाढ एम२६ मध्ये येत नाही, ती एम२७.८ मध्ये जाते, हे एम२६ मध्ये फक्त त्या वरच्या टिपेत लिहिलं आहे. खालच्या ओळीवर थेट उडी मारणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. याबाबतीत छापील पुस्तक अजूनही सरस आहे: पान उघडलं की शीर्षक आणि कोड एकाच नजरेत येतात.

टिपांतला एक्सक्लूड्स-१ आणि एक्सक्लूड्स-२ हा फरक टीएमजेत रोज लागतो. एक्सक्लूड्स-१ म्हणजे दोन्ही एकत्र नको. आर६८.८४ हा जबडादुखीचा लक्षण-कोड, त्याच्या खाली एम२६.६२ ची टीएमजे सांधेदुखी एक्सक्लूड्स-१ मध्ये आहे. तरीही 'जोर यावा म्हणून' दोन्ही लावलेले क्लेम सर्रास दिसतात. दात खाण्याचंही तसंच. झोपेतलं दात खाणं जी४७.६३, मानसिक कारणाचं एफ४५.८, आणि दोघं एकमेकांना वर्ज्य. डॉक्टरने नुसतं 'ब्रुक्सिझम' लिहिलं असेल तर झोपेतलं की दिवसाचं, हे विचारल्याशिवाय कोड लावू नका. याउलट एम२६.६ खाली ताजं निखळणं (एस०३.०) आणि ताजी मुरड (एस०३.४) एक्सक्लूड्स-२ मध्ये आहेत. म्हणजे जुना विकार आणि नवी दुखापत दोन्ही खरोखर असतील तर दोन्ही कोड चालतात.

दुखापतीच्या कोडला सातवं अक्षर लागतं. उजवा जबडा निखळला, उपचार सुरू: एस०३.०१एक्सए. मधला एक्स जागा भरायला. शेवटचा ए म्हणजे 'पहिली भेट' नव्हे, 'सक्रिय उपचार'. दुसऱ्या भेटीत दुसऱ्या डॉक्टरने सांधा बसवला तरी ए राहतो. भरून येण्याच्या टप्प्यातली तपासणी म्हणजे डी, मागे राहिलेला परिणाम म्हणजे एस. पण वारंवार निखळणारा जुना सांधा हा दुखापतीच्या प्रकरणातला नाहीच, तो एम प्रकरणात जातो. जांभई दिली की जबडा अडकतो असा महिनोन् महिन्यांचा इतिहास चार्टात असताना एस०३ लावला, तर विमा कंपनी अपघाताचा तपशील मागते आणि क्लेम महिनाभर अडकतो.

आता तक्रार टूलची नाही, त्यामागच्या कोडसंचाची. जबड्याच्या सांध्यात हाडांमध्ये एक चकती असते. ती पुढे सरकते. तोंड उघडताना परत जागेवर आली तर टक्कन आवाज, नाही आली तर जबडा अडकतो. टीएमजेच्या निदानाचे जे निकष २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि ओरोफेशियल पेनवाले, म्हणजे चेहरा-जबड्याच्या दुखण्याचे, डॉक्टर आज ज्यांच्या भाषेत नोंदी लिहितात, त्यांत या दोन अवस्था स्पष्ट वेगळ्या आहेत, त्यांचे पोटभेदही आहेत. आयसीडी-१०-सीएममध्ये सगळ्यांना एकच कोड: उजव्या बाजूला एम२६.६३१. नुसती टकटक आणि पूर्ण अडकलेला जबडा विमा कंपनीच्या संगणकाला सारखेच दिसतात. शस्त्रक्रियेची पूर्वपरवानगी मागताना हे भोवतं. यावरचा मार्ग एम२६.५ गटात आहे: जबडा मर्यादित उघडत असेल तर एम२६.५२, उघडताना वाकडा जात असेल तर एम२६.५३, हे जोडीला लावावेत. त्यासाठी चार्टात मिलिमीटरचा आकडा हवा. त्या निकषांत वरचे दात खालच्यांना जेवढे झाकतात ते अंतर धरून, हाताने ताणूनही ४० मिलिमीटरपेक्षा कमी उघडणं म्हणजे मर्यादित. 'तोंड नीट उघडत नाही' एवढ्यावर एम२६.५२ लावला तर ऑडिटमध्ये टिकणार नाही.

आवाजाचं दुःख वेगळंच. जुन्या आयसीडी-९ मध्ये उघडता-मिटताना येणाऱ्या आवाजाला ५२४.६४ असा स्वतंत्र कोड होता. नव्यात तो एम२६.६९ या 'इतर विशिष्ट' पेटीत टाकला. आणि या एम२६.६९ ला बाजूच नाही! आजूबाजूच्या सगळ्या भावंडांना डावं-उजवं मिळालं, हा तसाच राहिला. त्यावर सहावं अक्षर चिकटवून पाठवलेले क्लेम परत येतात. टूलमध्ये टॅब्युलर पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं.

बाजूच्या बाबतीत ९ वर संपणारे कोड टाळा. एम२६.६०९ वैध आहे, पण टीएमजेचा नेमका विकार माहीत नाही आणि बाजूही माहीत नाही असं सांगणाऱ्या क्लेमला कोण पैसे देणार? डॉक्टरच्या नोंदीत बाजू नसेल तर चार्टातल्या इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून ती घ्यायला मार्गदर्शिका परवानगी देते. दोन नोंदी एकमेकींना छेद देत असतील तर डॉक्टरलाच क्वेरी. शंका म्हणून लिहिलेलं निदानही बाह्यरुग्णात कोड होत नाही. 'उजवा सांधा दुखतो, चकती सरकल्याचा संशय, एमआरआय करा' असं असेल तर एमआरआयच्या मागणीवर एम२६.६२१ जातो, एम२६.६३१ नाही.

मेडिकेअर या अमेरिकेतल्या, मुख्यतः ज्येष्ठांच्या, सरकारी विम्याच्या बेनिफिट पॉलिसी मॅन्युअलमध्ये, १५ व्या प्रकरणात, टीएमजेसाठी १५०.१ असं वेगळं कलम आहे. त्याचा मथितार्थ: क्लेमवर नुसतं 'टीएमजे' हे निदान पुरेसं नाही, प्रत्यक्ष विकार किंवा लक्षण ठरवायला हवं. कारणही तिथेच दिलं आहे. टीएमजेच्या नावाखाली होणारे बरेचसे उपचार एक तर आवश्यक म्हणून सिद्ध झालेले नाहीत, किंवा सोशल सिक्युरिटी कायद्याच्या १८६२(ए)(१२) या दातांच्या सेवा वगळणाऱ्या कलमात अडकतात. टूलमध्ये हे कुठेही दिसत नाही, दिसायची अपेक्षाही नाही. पण टूलवर विसंबणाऱ्याने हे कलम एकदा वाचलंच पाहिजे. खासगी कंपन्यांची पॉलिसी वेगवेगळी असते. टेक्सास आणि मिनेसोटासारख्या काही राज्यांत टीएमजेच्या कव्हरेजबद्दल कायदा आहे, पण नोकरी देणाऱ्या कंपनीने स्वतःच्या पैशातून चालवलेल्या योजनांना राज्याचा विमा कायदा साधारणपणे लागू होत नाही. म्हणून आधी योजना कोणत्या जातीची ते विचारा.

फोन करायचाच असेल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. पश्चिम किनाऱ्यासाठी आणखी तीन तास थांबा. विचारायचं ते असं: टीएमजे पूर्ण वगळलं आहे का, शस्त्रक्रियेवाचूनचे उपचार धरतात का, आयुष्यभराची मर्यादा किती डॉलर आणि त्यातले किती उरले, स्प्लिंटसाठी (दातांवर बसवायच्या उपकरणासाठी) कोणता कोड घेतात, पूर्वपरवानगी लागते का, आणि दंत योजना आधी मेडिकलचा नकार मागते का. बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा संदर्भ क्रमांक नोंदवून ठेवा. पुढे अपीलात तोच कामाला येतो.

टूलची सर्वात मोठी उणीव म्हणजे निदान कोणत्या प्रक्रियेशी जुळतं ते ते सांगत नाही. सांगूही शकत नाही, कारण सीपीटी त्याच्या मालकीचं नाही. आणि टीएमजेचे बरेच नकार याच सांध्यात असतात. स्प्लिंटचंच घ्या. दातांच्या पुस्तकात तो डी७८८०, त्याचं अ‍ॅडजस्टमेंट डी७८८१. रात्री दात खाऊ नयेत म्हणून दिलेलं कडक, पूर्ण कमानीचं गार्ड डी९९४४, मऊ असेल तर डी९९४५. जुना डी९९४० केव्हाच गेला. मेडिकल क्लेमवर काही कंपन्या डी७८८० च घेतात, काही एचसीपीसीएस या उपकरणं-साहित्याच्या कोडसंचातला एस८२६२ मागतात, काही ठिकाणी लोक सीपीटीचा २१०८५ लावतात. या २१०८५ बद्दल सावध राहा. तो शस्त्रक्रियेच्या स्प्लिंटचा, आणि २१०७६ ते २१०८९ या सगळ्या गटासाठी सीपीटीची अट आहे की उपकरण डॉक्टरने स्वतः आखून तयार केलेलं हवं, बाहेरच्या लॅबने नव्हे. ठसा घेऊन लॅबला पाठवलेल्या स्प्लिंटला २१०८५ लावणं म्हणजे पैसे परत करायची तयारी ठेवणं. ई०४८६ तर विसराच, तो स्लीप अ‍ॅप्नियाच्या उपकरणाचा आहे.

प्रक्रियांतही असंच. सांधा सुईने धुतला तर २०६०५, अल्ट्रासाउंडखाली केलं आणि प्रतिमा जपून ठेवली तर २०६०६. दुर्बीण आत गेल्याशिवाय २९८०० किंवा २९८०४ नाही. २१०७३ हा सांधा हाताने हलवण्याचा कोड, पण भूल देणारी सेवा असेल तरच. खुर्चीवर, शुद्धीत केलं तर तो नाही. जबड्याच्या मोठ्या, म्हणजे मॅसेटर, स्नायूत बोटॉक्स देऊन ६४६१२ लावणारे शरीररचना विसरतात: तो कोड चेहऱ्याच्या, म्हणजे सातव्या मज्जातंतूच्या स्नायूंसाठी आहे, मॅसेटरला मज्जातंतू पाचव्याच्या जबडा-शाखेतून येतो. ७०३३६ ही एमआरआय दोन्ही सांध्यांची मिळून एकच. तिच्यावर ५० चा मॉडिफायर (कोडला जोडायचा, 'दोन्ही बाजू' सांगणारा आकडा) लावून दोन मोजू नका. ७०३३० चा एक्स-रे तर वर्णनातच दोन्ही बाजूंचा आहे.

हे सगळं सीएमएस-१५०० या मेडिकल क्लेमच्या फॉर्मवर कसं बसतं त्याचा एक नमुना. नोंद अशी: उजवीकडे चकती सरकलेली, जागेवर येत नाही, ताणून २८ मिलिमीटर उघडतं, मॅसेटर दाबल्यावर ओळखीचं दुखणं. रकाना २१ मध्ये आयसीडीचा दर्शक ०, मग 'ए'ला एम२६.६३१, 'बी'ला एम२६.५२, 'सी'ला एम७९.११. रकान्यात बारा निदानं मावतात, पण प्रत्येक ओळीच्या २४-ई मध्ये फक्त चार अक्षरं जातात आणि पहिलं अक्षर सर्वात महत्त्वाचं. सांधा धुण्याच्या ओळीला आधी 'ए', मॉडिफायर आरटी, म्हणजे उजवी बाजू. स्नायूत ट्रिगर पॉइंट इंजेक्शन, एक-दोन स्नायू असतील तर २०५५२, त्याला आधी 'सी'. इथे चुकून 'ए' लावला की स्नायूच्या इंजेक्शनला चकतीचं निदान जोडलं जातं आणि सीओ-११ येतो: निदान आणि प्रक्रिया विसंगत. हा नकार आला म्हणून अपील लिहीत बसू नका, पॉइंटर, म्हणजे २४-ई मधलं अक्षर, दुरुस्त करून सुधारित क्लेम पाठवा. अपील सीओ-५० साठी, म्हणजे वैद्यकीय गरज नाकारली तेव्हा, आणि त्यासोबत मिलिमीटरचे आकडे, आधी केलेले उपचार, त्यांचा कालावधी आणि एमआरआयचा अहवाल जायला हवा. सीओ-१९७ आला तर पूर्वपरवानगी राहिली. तो बहुतेक वेळा बुडीत खातं.

प्रोव्हायडरच्या एनपीआयशी (डॉक्टरच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकाशी) जोडलेला टॅक्सॉनॉमी कोडही, म्हणजे विशेषता सांगणारा कोडही, पाहा. ओरोफेशियल पेनला अमेरिकेत स्वतंत्र दंत-विशेषता म्हणून मान्यता २०२० मध्ये मिळाली. काम तेच करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी अजून सर्वसाधारण दंतवैद्य म्हणून असेल तर मेडिकल कंपनीची यंत्रणा क्लेम दातांचा समजून बाजूला काढू शकते. एका अर्जाचं काम आहे, वर्षानुवर्षं पडून राहतं.

टूल वापरायचं की पैसे देऊन एन्कोडर, म्हणजे कोड शोधून देणारं सॉफ्टवेअर, घ्यायचा? महिन्याला टीएमजेचे मोजके क्लेम करणाऱ्या दवाखान्याला निदानासाठी सीडीसीचं टूल पुरेसं आहे, तो पैसा सीपीटी आणि सीडीटीच्या चालू वर्षाच्या पुस्तकांवर घालावा. ओरल सर्जनचं किंवा फक्त पेनचं क्लिनिक सांभाळत असाल तर निदान-प्रक्रिया जुळवणारा सशुल्क एन्कोडर पहिल्या काही नकारांतच वसूल होतो, फक्त त्याच्या सूचना डोळे झाकून घेऊ नका. टूलला इंटरनेट लागतं, आणि पावसाळ्यात रात्रपाळीला ते जाणं काही नवीन नाही. म्हणून मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएसच्या साइटवरून त्या वर्षाची टॅब्युलर पीडीएफ आणि बदलांची यादी, म्हणजे अ‍ॅडेंडा, सप्टेंबर संपायच्या आत उतरवून ठेवा. अ‍ॅडेंडात एम२६, एम७९.१, एस०३, जी४७.६ आणि आर६८.८ एवढे पाच शोध घेतले की टीएमजेपुरतं वर्षभराचं काम पाच मिनिटांत होतं.